रोहिणीत पेरलं, हत्तीत निसवलं

मार्केट यार्डात रताळी घेऊन आलेल्या कोणाही शेतकऱ्याला विचारा, वेल कधी लावले होते. तारीख सांगणारा क्वचित भेटेल. "आडदऱ्यात लावले, तरण्यानं झोडपले, म्हाताऱ्यात सावरले," असं उत्तर येतं, आणि ऐकणाऱ्याला महिना, पाऊस, जमिनीतली ओल, वेलांची अवस्था सगळं एकदम कळतं. आडदरा म्हणजे आर्द्रा नक्षत्र, २१-२२ जूनला लागणारं. तरणा म्हणजे पुनर्वसू, ५-६ जुलैचं. म्हातारा म्हणजे पुष्य, १९-२० जुलैचं. खानापुरापासून निपाणीपर्यंत आमच्या सीमाभागातली जुनी माणसं पावसाळा असाच मोजतात. गेली काही वर्षं मीही भोवतालचा निसर्ग याच मापानं बघते आहे, आणि त्यातून जे दिसलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

माझं सासर बेळगावात, माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे. दोन्ही घरांत अंतर फार नाही, पण पाऊस पार वेगळा. बेळगावात छत्री पुरते. माहेरी जुलैमध्ये चुलीवरच्या दांडीवर वाळत घातलेला कपडासुद्धा आंबूस वासाचा राहतो. त्यामुळे एकच नक्षत्र दोन ठिकाणी बघायची सवय मला आपोआप लागली.

हिशेब सोपा आहे. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. २५ मेच्या सुमारास तो रोहिणीत जातो, ७-८ जूनला मृगात. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विशाखा. ही पावसाची नक्षत्रं. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या दिवशी सूर्याचा नक्षत्रप्रवेश लिहिलेला असतो आणि पुढे वाहनही: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन ठरतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की घरात समाधान. कोल्हा किंवा गाढव आलं की म्हातारी माणसं चूपचाप.

वाहनावर माझा विश्वास नाही, आणि त्याचं कारण आमच्या जिल्ह्यातच आहे. मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीला वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला जेमतेम पाचशे-सहाशे. सरळ रेषेत मोजलं तर दोन्हींमध्ये दीडशे किलोमीटर. दोघांचं नक्षत्र एक, वाहनही एक. मग म्हैस कुठल्या गावाची खरी मानायची? सह्याद्रीच्या माथ्यावर ढग अडतात, रिकामे होतात, आणि पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही, एवढंच त्या फरकाचं कारण आहे. पंचांगातल्या भागाकाराला सह्याद्री माहीत नाही.

पण वाहन सोडून दिलं तरी नक्षत्र सोडवत नाही. कारण पाऊस किती पडेल हे सांगणं एवढंच त्याचं काम मी कधी मानलं नाही. त्याचं मोठं काम म्हणजे दर तेरा-चौदा दिवसांनी ते माणसाला बांधावर नेऊन उभं करतं. रोहिणी लागली, आता बघ. मिरग निघाला, आता बघ. जून महिना असं काही करत नाही. जून तीस दिवस पसरलेला असतो आणि त्याच्या पहिल्या तारखेला रानात काहीही घडत नाही.

रोहिणीत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे धूळवाफ पेरणी. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात भात कोरड्यातच पेरतात. वळवाच्या पावसानं जमीन एकदा भिजलेली, नांगरून-कुळवून भुसभुशीत केलेली, वर ऊन कडक, आणि कुरीमागून, म्हणजे पाभरीमागून, चालणाऱ्यांच्या पायांभोवती पिंजरीसारखी बारीक धूळ उडते. बी धुळीत पडतं आणि वाट बघत बसतं. पाऊस यायच्या आधीच दाणा मातीत टाकायला केवढा भरवसा लागतो! माहेरी पद्धत निराळी. तिथं तरव्यात रोप तयार करतात आणि तरण्या-म्हाताऱ्या पावसात चिखलणी करून लावण करतात, कारण तिथल्या पावसात धुळीतलं बी वाहून जाईल. एकाच पिकाच्या या दोन चालींमध्ये अंतर आहे ते पावसाचं आणि जमिनीच्या उताराचं. शेतात उभं राहून बघितलं की ते डोळ्यांनी दिसतं.

रोहिणीतच जांभळं पिकून डांबरावर पडायला लागतात, करवंदं संपत येतात, आणि जांबोटीच्या रस्त्याला अंधार पडला की काजवे लागतात. सगळं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. अर्थात दिव्यांचे खांब पोचले नसतील तिथंच. गावाच्या वेशीवरच्या ज्या आंब्यावर मी लहानपणी काजवे बघितले, तिथं आता रात्रभर पांढरा दिवा जळतो. काजवे ओढ्याच्या बाजूला, आतल्या अंधारात सरकलेत.

पावशाबद्दल एक सांगायला हवं. "पेरते व्हा" म्हणणारा हा पक्षी पाऊस घेऊन येतो असं आम्हाला शाळेपासून सांगितलं गेलं. प्रत्यक्षात तो भर उन्हाळ्यात, एप्रिलमध्येच ओरडायला लागतो. चांदण्या रात्रीसुद्धा थांबत नाही. तो विणीचा काळ असतो त्याचा. पावशाची मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालते, म्हणून सातभाईंची घरटी तयार व्हायच्या वेळेशी त्याची गाठ आहे. सातभाई आमच्या टिळकवाडीच्या गल्लीतही आहेत. पावशा ओरडायला लागला की मी आकाशाकडे बघत नाही, कुंपणातल्या सातभाईंकडे बघते. पाऊस पुढे येतोच, पण मधली ही साखळी मला पावसाइतकीच मोलाची वाटते.

आणि मिरग. ७-८ जूनच्या त्या एका दिवसाला आमच्याकडे सणाचं रूप आहे. मांसाहारी घरांत कोंबडी कापली जाते, ओढ्याला पाणी आलं असेल तर चढणीचे मासे. पहिल्या लोंढ्याबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, अंडी घालायला नवीन भरलेल्या खाचरांपर्यंत येतात, आणि माणसं तिथंच त्यांना गाठतात. अंड्यावरचे मासे धरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. माहेरी ते मांडलं की दादा म्हणतो, "आमचा आज्यापण धरायचा." आज्याच्या काळी ओढ्याला वर्षभर पाणी असायचं, हे माझं उत्तर.

मिरगाचा किडा मात्र कुणी धरून खात नाही, म्हणून तो निर्धास्त हिंडतो. लाल मखमलीचा, बोटाच्या पेरापेक्षा लहान. किडा म्हणतात, पण पाय आठ; जात कोळ्या-गोचिडांच्या जवळची. वर्षातला बहुतेक काळ हा जमिनीखाली असतो आणि पहिल्या दमदार पावसानंतर वर येतो. त्याच संध्याकाळी वारुळांतून वाळवीचे पंखवाले किडे थव्यानं बाहेर पडतात. दोन्ही गोष्टी लहानपणी मी वेगवेगळ्या बघितल्या होत्या. नंतर कळलं की ही मखमल वाळवीवर जगते; जमिनीखालचं भक्ष्य वर आलं म्हणून खाणारा वर आला. पंखवाल्या वाळवीच्या मागे बेडूक, बेडकांच्या मागे धामण, सकाळी अंगणात गळून पडलेले पंख वेचायला मुंग्या, आणि तारेवर कोतवाल पक्षी. एका रात्रीत एवढी पंगत बसते. माहेरच्या तांबड्या जमिनीत, न नांगरलेल्या बांधावर मला हे सगळं अजून दिसतं. उसाच्या फडाकडेनं चालताना मिरगाचा किडा दिसलेला मला आठवत नाही.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. त्याच्याशी मिरगाबद्दल बोलत होते तेव्हा त्यानं सांगितलं, तिथल्या मूळच्या नूंगार लोकांचं वर्ष सहा ऋतूंचं आहे: बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कंबारांग. एप्रिल-मेमधला जेरान लागला हे ते कशावरून ओळखतात, तर रात्री गार होऊन दव पडायला लागतं आणि पंखवाल्या मुंग्या उडायला लागतात. त्यांच्याकडे ते उन्हाळा सरल्याचं चिन्ह, आमच्याकडे वारुळातले पंख फुटले की उन्हाळा सरल्याचंच चिन्ह. तिथलं हवामान खातंही आता आपल्या संकेतस्थळावर ही मूळच्या लोकांची ऋतुमानं मांडतं. हे ऐकून मला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. आमच्या मिरगाची, तरण्याची दखल कुणी अशी घेतली तर मला हवी आहे.

आडदऱ्यापासून पुढचे दीड महिने खानापूर तालुका पाण्याचाच असतो. तरणा आणि म्हातारा ही नावं कशी पडली याचे अर्थ गावागणिक वेगळे सांगतात. मला पटलेला आजीचा. तरणा अंगात आल्यासारखा येतो, कोसळतो, थांबतो, ऊन दाखवतो. म्हातारा कुठं जायची घाई नसल्यासारखा दिवसरात्र पडत राहतो. आणि नुकसान करतो तो म्हातारा. २००५ चा महापूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला, २०२१ चाही; दोन्ही म्हाताऱ्यातले. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, आश्लेषेत. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम भरल्या, निपाणीजवळ महामार्गावर पाणी आलं. आता यातला गमतीचा भाग नाही तर समजून घेण्याचा भाग असा, की जूनचा पाऊस जमीन पिते. जुलैअखेरपर्यंत तिची तहान पूर्ण भागलेली असते, धरणं भरत आलेली असतात, आणि मग पडणारा प्रत्येक थेंब वाहूनच जातो. संथ, न थांबणारा पाऊस धोक्याचा हे आजीच्या पिढीला मिलिमीटर न मोजता ठाऊक होतं.

बेळगावच्या शिवारात याच दिवसांत बळ्ळारी नाल्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. नाला गाळानं आणि केंदाळानं भरलेला, शहराचं सगळं पाणी त्यातच. म्हाताऱ्यात तो फुटला की धूळवाफेत पेरलेलं, गुडघाभर वाढलेलं भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहतं आणि कुजतं. मग दुबार पेरणी, किंवा कुणाकडे उरलेलं रोप मिळालं तर लावण. रोहिणीत दाखवलेला भरवसा पावसानं नाही, नाल्यानं मोडलेला असतो. शिवारातून चालताना हे बघून जीव तुटतो.

माहेरच्या रानात मात्र म्हातारा म्हणजे अळंबीचे दिवस. वारुळाच्या आत वाळवी पालापाचोळ्यावर बुरशीची शेती करते आणि त्या बुरशीला वर छत्र्या फुटतात. जमिनीतून वर आलेला तो पांढरा देठ उपटला की खाली वाळवीचं शेत असतं. जागा ठरलेल्या असतात, वर्षानुवर्षं त्याच, आणि घरातली बाई त्या जागा दुसऱ्या घरच्या बाईला सांगत नाही. जांबोटीच्या रस्त्याला पानात गुंडाळलेली अळंबी घेऊन बायका बसतात. मी आधी विचारते, कुठल्या रानातली? त्या हसतात. मीही पुढं विचारत नाही. वारूळ फोडायचं नाही आणि सगळ्या छत्र्या उपटायच्या नाहीत, हा नियम मला आईनं शिकवला. अजून बहुतेकजणी पाळतात.

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या अथणीकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. पावसावर आमच्या गप्पा रंगतात. त्या पूर्वा नक्षत्राला हुब्बी म्हणतात, चित्राला चित्ती; बाकी नावं जवळजवळ तीच. रोहिणीचा पाऊस आला की त्या म्हणतात, "रोहिणी मळे बंदरे ओणी एल्ला केसरु," गल्लीभर चिखल. मघेबद्दल त्या सांगतात, मघेचा पाऊस आणि घरचा पोरगा, पाऊस पडेल तेवढा चांगला, पोरगा जेवेल तेवढा चांगला. आमच्याकडे मघेची म्हण जरा रांगडी आहे. तिचा उत्तरार्ध तेवढा इथं देते: न पडतील मघा तर वरती बघा. स्वातीला त्या म्हणतात मोत्यासारखं पीक येईल, आम्ही म्हणतो पडतील स्वाती तर पिकतील मोती. सीमाप्रश्नावर आमच्या दोन घरांचं एकमत होणं कठीण. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक मराठी घरात तो विषय जेवणासारखा रोजचा आहे, माझ्याही. पण स्वातीवर आम्ही दोघी एकमेकींचं वाक्य पुरं करतो.

फरक आहेतच, आणि ते तितकेच बघण्यासारखे. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला होतो, काकूंची कार हुण्णवी तीच. महाराष्ट्री बेंदूर आषाढात. हद्दीवरच्या गावांत एका वाडीत बैलांची शिंगं रंगलेली आणि शेजारच्या वाडीत बैल अजून कोळपणीला जुंपलेले, असं चित्र होतं. होतं म्हणते, कारण आता बैलच कमी. ट्रॅक्टरला हार घालून बेंदूर करणारी घरं मी बघितली आहेत. आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस माझ्या माहेरी नकोनकोसा होत असताना काकूंच्या माहेरी त्याच्याकडेच डोळे लागलेले असतात. काळ्या रानात शाळू पेरायचा तो त्या ओलीवर. पुढे थंडीत पाऊस नाही, काळी माती धरून ठेवील तेवढ्याच ओलाव्यावर शाळू पोसायचा.

भाद्रपदातलं थोडक्यात सांगते. गौरीसाठी तेरडा, कळलावीची फुलं, रानहळदीचा तुरा. माळावर सोनकी पिवळी होते, ओल्या कातळावर सीतेची आसवं निळी. गौर आणायला डोंगरावर जाणाऱ्या मुली ही सगळी फुलं ओळखायच्या. कारवी फुललेली बघायची तर सात वर्षांतून एकदा, आणि ते वर्ष घाटाच्या लोकांना विचारूनच कळतं. असल्या गोष्टी कॅलेंडरच्या एका पानावर मावत नाहीत.

हस्त नक्षत्राला आमच्याकडे हत्तीच म्हणतात. सूर्य हस्तात गेला, २७ सप्टेंबरच्या आसपास, की हादगा सुरू. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, रोज वेगळी खिरापत. कोल्हापूर-बेळगावकडे हे पावसाच्या नक्षत्रावर चालतं, तिथीवर नव्हे. मुलींच्या खेळाची सुरुवात सूर्याच्या नक्षत्रावर ठरते, हे मला लहानपणी साधं वाटायचं. आता वाटतं की घरातल्या सगळ्यात लहान मुलीलाही पावसाच्या हिशेबात सामील करून घ्यायची ती पद्धत होती. कारण हत्तीत शिवारात जे चाललेलं असतं ते फार नाजूक असतं. भात पोटरीतून बाहेर पडून निसवलेलं असतं. लोंबीवरचं प्रत्येक बारीक फूल सकाळी ऊन चढल्यावर तास-दोन तास उघडतं, पराग सुटतात, आणि फूल मिटतं. नेमक्या त्या वेळी विजांसकट हत्तीचा पाऊस आला की पराग धुऊन जातो आणि दाणा फोल राहतो. पाऊस संध्याकाळी आला तर काही बिघडत नाही. म्हणून माझा भाऊ हत्तीत सकाळचं आकाश बघतो आणि संध्याकाळचा गडगडाट आनंदानं ऐकतो. बेळगाव बासमती निसवलेल्या शिवारात या दिवसांत सकाळी जाऊन उभं राहावं. शिजलेल्या भाताचा नव्हे, उभ्या पिकाचा सुगंध येतो. राजहंसगडावरून ते सगळं शिवार खाली दिसतं, पण वास घ्यायला खालीच उतरायला लागतं.

विशाखेनंतर नावं थांबतात. नक्षत्रं चालूच असतात, पंचांगात येतात, पण अनुराधात काय झालं आणि मूळात काय, असं आमच्याकडे कुणी बोलत नाही. मग वर्ष मळणीवर, मसूर-हरभऱ्याच्या पेरणीवर, काटेसावर, पळस, अंजनीचा जांभळा मोहोर, करवंदं यांच्यावर जातं, ते वळीव येईपर्यंत. कोरड्या महिन्यांना नक्षत्राचं नाव नाही, याची मला पूर्वी उणीव वाटायची. आता झाडांकडे बघून तो काळ मोजणं मला तेवढंच भरगच्च वाटतं.

एक गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ तिच्यावरच विचार करत होते. आपलं पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, ऋतू मात्र संपाताला, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या बिंदूला धरून. पृथ्वीचा अक्ष फार सावकाश डुलतो, त्याचा एक फेरा सुमारे सव्वीस हजार वर्षांचा. त्यामुळे सूर्य मृगात जायची वेळ दर बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. शिवरायांच्या काळात मिरग आजच्या हिशेबानं पाचएक दिवस आधी निघत असणार. आमच्या तालुक्यातल्या हलशीला कदंबांच्या काळात, बाराव्या शतकात, भूवराह नृसिंहाचं देऊळ उभं राहिलं तेव्हा मिरग मेच्या अखेरीला, म्हणजे आज जिथं रोहिणी आहे तिथं निघत होता. म्हणजे हलशीच्या शेतकऱ्याचा मिरग आणि माझ्या दादाचा मिरग, नाव एक, आकाशातली जागा एक, पण रानातले दिवस वेगळे. कुणीतरी मधल्या पिढ्यांत पेरणी मिरगातून रोहिणीत आणली असणार, म्हणी हळूहळू बदलल्या असणार, आणि कुठल्याच एका पिढीला ते जाणवलं नसणार. आयुष्यभरात एक दिवस सरकतो, तो कुणाला दिसतो?

आता मात्र सरकणं असं सावकाश राहिलेलं नाही. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला, ऐन मिरगाच्या दिवशी, आणि अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं त्याची पुढची वाट अडवली. मिरग कोरडा गेला. धूळवाफेतलं बी आडदऱ्यापर्यंत तसंच पडून राहिलं. जुलैनं थोडं सावरलं, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. मघा अख्ख्या वरती बघण्यात गेल्या. सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले. मग २०२५. २४ मेला पाऊस केरळात, दुसऱ्या दिवशी तळकोकणात, आणि तो दिवस नेमका रोहिणी लागायचा. वळवाचे ढग आणि मोसमी ढग एकात एक मिसळले, मधे उन्हाची उघडीपच पडली नाही.

त्या वर्षी धूळ नव्हतीच, तर धूळवाफ कुठून होणार? येळ्ळूर रस्त्याला मी बघितलं, कुऱ्या घराच्या कुडाला टेकवून ठेवलेल्या, शेतात पाणी साचलेलं, आणि माणसं बांधावर नुसती उभी. माहेरी फोन केला तर वहिनी म्हणाली, "अक्का, मिरग रोहिणीतच येऊन गेला की ओ. आता खऱ्या मिरगाला काय करायचं?" कोंबडी मात्र त्यांनी ८ जूनलाच कापली. मिरगाचे किडे आधीच येऊन गेले होते, मेच्या शेवटच्या आठवड्यात. काजवे पावसातच थोडे दिसले आणि संपले. जांभळं झाडावरच फुटली, चव आलीच नाही. हे सगळं मी कालनिर्णयाच्या चौकटींत लिहून ठेवलं आहे, नक्षत्राच्या नावापुढे. तारखेपुढे लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे बघितलंही नसतं. नक्षत्रापुढे लिहिलेलं मात्र ते नक्षत्र लागलं की आधी उघडून बघावंसं वाटतं, गेल्या रोहिणीत काय होतं ते.

वहिनीचा हिशेब माझ्यापेक्षा व्यवहाराचा आहे. येळ्ळूरकडे तिचा भाऊ धूळवाफ करतो, त्याला तिनं सांगितलंय की थोडं बियाणं बाजूला ठेव आणि बांधाकडेच्या एका वाफ्यात रोप कर. रोहिणी कोरडी गेली तर कुरी चालव, ओली आली तर रोप लाव. त्याला ते पटलंय, पण एक अडचण आहे: रोप लावायला माणसं लागतात, आणि बेळगाव शिवारात लावणीची सवय असलेल्या बायका कमी. त्या खानापूरच्या बाजूनं आणायच्या तर तरण्यात त्यांच्या स्वतःच्याच खाचरांत लावण असते. तेव्हा रोप कृत्तिकेतच, मेच्या मध्यावर टाकायचं, म्हणजे लावण आडदऱ्यात उरकेल आणि बायका मोकळ्या सापडतील, असा बेत चालला आहे. कृत्तिकेत तरवा टाकलेला आमच्याकडे कुणी ऐकलेला नाही. विहिरीचं पाणी तोवर टिकेल का, याच्यावर आता दोघं बहीण-भाऊ रोज फोनवर भांडतात.